घड्याळातला साग आणि आलापल्लीचा साग: स्विस घड्याळं स्वस्त होताना गडचिरोलीने कोणता हिशोब मांडावा?

इन्स्टाग्रामवर महागड्या घड्याळांचे रील्स पाहत असाल, तर ओमेगा कंपनीचं 'सीमास्टर अ‍ॅक्वा टेरा' तुमच्या नजरेखालून गेलंच असेल. त्याच्या बहुतेक मॉडेलांच्या डायलवर एकसारख्या अंतरावर बारीक रेषा कोरलेल्या असतात. या नक्षीला कंपनी आणि घड्याळांचे शौकीन 'टीक' म्हणतात. टीक म्हणजे आपला साग. श्रीमंतांच्या शिडाच्या बोटींवर सागाच्या फळ्यांचा डेक असतो. त्या फळ्या आणि त्यांच्या मधल्या फटी या रेषांमधून दाखवल्या आहेत.

घड्याळात साग मात्र कुठेच नाही. डायल धातूची, केस स्टीलची. तरीही भारतात या घड्याळाची किंमत पाच लाखांच्या पुढे जाते.

खरा साग उभा आहे तो चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात. स्टीलसाठी लागणारं लोहखनिजही गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरातून निघतं. म्हणजे ज्या दोन गोष्टींच्या नावावर हे घड्याळ मिरवतं, त्या दोन्ही या दोन जिल्ह्यांत आहेत. ओमेगा इथला साग किंवा इथलं लोखंड वापरते, असा याचा अर्थ नाही. तसा काही संबंध नाही.

मग या दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या कशाला? कारण १ ऑक्टोबर २०२५ पासून भारत आणि स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांमधला व्यापार करार लागू झाला आहे. त्यात स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क शून्यावर आणायचं ठरलंय. त्याच वर्षी गडचिरोलीला 'स्टील हब' करण्याच्या घोषणांनी जोर धरला. एका बाजूला कच्चा माल जवळजवळ नसताना वस्तूची किंमत लाखांत नेणारा देश आहे. दुसऱ्या बाजूला कच्चा माल भरपूर असूनही गरीब राहिलेला जिल्हा आहे. या दोघांमधला फरक कशाने पडतो, ते समजून घेऊ.

हे घड्याळ नेमकं आहे तरी काय?

'सीमास्टर' ही ओमेगाची जुनी मालिका, १९४८ सालची. पाण्यात टिकणारी घड्याळं हे तिचं वैशिष्ट्य. 'अ‍ॅक्वा टेरा' म्हणजे पाणी आणि जमीन. ही उपमालिका २००२ मध्ये आली. डायलवर सागाच्या रेषा २००८ च्या सुमारास उमटल्या. आधी त्या उभ्या होत्या, २०१७ पासून आडव्या झाल्या.

हे यांत्रिक घड्याळ आहे. आत बॅटरी नसते. हाताच्या हालचालीने एक स्प्रिंग गुंडाळली जाते आणि ती हळूहळू सुटताना चाकं फिरवते. पुरुषांच्या मोठ्या मॉडेलमधलं यंत्र तासाला २५,२०० ठोके देतं. पूर्ण चावी भरल्यावर ते सुमारे ६० तास चालतं आणि दीडशे मीटरपर्यंतच्या पाण्याचा दाब सोसतं. स्विस सरकारची 'मेटास' ही मापन संस्था त्याची चाचणी घेते. चाचणीत दिवसाला शून्य ते पाच सेकंद पुढे जाण्याची मुभा असते, मागे पडण्याची नाही.

आता साधा प्रश्न. पाचशे रुपयांचं क्वार्ट्झ घड्याळ यापेक्षा अचूक वेळ दाखवतं का? हो, बहुतेक वेळा दाखवतं. वेळ तर मोबाइलवरही दिसते. म्हणजे एवढी किंमत वेळ बघण्यासाठी मोजली जात नाही. ती कारागिरीला, नावाला, दुर्मीळतेला आणि 'माझ्याकडे हे आहे' या भावनेला मोजली जाते.

साग आणि जहाजाचं नातं कुठून आलं?

सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असतं. त्यामुळे पाणी सहज मुरत नाही, वाळवी लागत नाही आणि ऊन-पाऊस खाऊनही लाकूड फारसं फुगत किंवा आकसत नाही. ओल्या डेकवर पाय घसरत नाही. ओकच्या लाकडात ठोकलेले लोखंडी खिळे लवकर गंजतात, सागात तो त्रास कमी होतो.

ही गोष्ट इंग्रजांना मुंबईत नीट कळली. १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आलेले लवजी नसरवानजी वाडिया आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी मुंबईच्या गोदीत सागाची जहाजं बांधली. १८१० मधलं 'एचएमएस मिंडेन' त्यातलंच. १८१७ मध्ये मुंबईतच बांधलेलं 'एचएमएस ट्रिंकोमाली' आज इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे संग्रहालय म्हणून पाण्यावर उभं आहे. दोनशे वर्षांपूर्वीचं हे जहाज मलबारच्या सागाचं आहे. ब्रिटनमध्ये तेव्हा चांगल्या ओकची टंचाई होती, म्हणून नौदलाने इथल्या सागाकडे मोर्चा वळवला होता.

थोडक्यात, सागाला समुद्रात मान मिळाला तो भारतीय लाकडामुळे आणि मुंबईच्या सुतारांमुळे. त्या मानाची नक्षी आज एका स्विस डायलवर आहे. आणि स्वित्झर्लंडला समुद्रकिनारा नाही.

मग ही घड्याळं स्वस्त का होणार आहेत?

भारत आणि 'एफ्टा' गट, म्हणजे स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिकटेन्स्टाइन, यांच्यात १० मार्च २०२४ रोजी करार झाला. तो १ ऑक्टोबर २०२५ ला लागू झाला. त्यानुसार स्विस घड्याळांवरचं मूळ आयात शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्य होईल. २०१८ च्या अर्थसंकल्पात हे शुल्क १० टक्क्यांवरून २० टक्के करण्यात आलं होतं.

हिशोब असा आहे. समजा, घड्याळाची आयातीच्या वेळची किंमत ४ लाख रुपये आहे.

जुन्या पद्धतीत त्यावर २० टक्के शुल्क, म्हणजे ८० हजार. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे ८ हजार. झाले ४ लाख ८८ हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण ५ लाख ७५ हजार ८४० रुपये.

शुल्क शून्य झाल्यावर अधिभारही जातो. उरतो फक्त जीएसटी. एकूण ४ लाख ७२ हजार.

फरक १ लाख ३ हजार ८४० रुपयांचा. यात दुकानदाराचा नफा धरलेला नाही आणि कंपन्या ही सगळी बचत गिऱ्हाइकाला देतीलच असंही नाही. पण दिशा स्पष्ट आहे.

स्विस कंपन्यांना भारत का हवा आहे? २०२४ मध्ये स्वित्झर्लंडने जगभर सुमारे २६ अब्ज फ्रँकची घड्याळं निर्यात केली. त्यातला भारताचा वाटा सुमारे २७ कोटी फ्रँकचा, म्हणजे जेमतेम एक टक्का. पण त्या वर्षी चीनची मागणी कोसळत असताना भारताची जवळपास २५ टक्क्यांनी वाढली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने स्विस मालावर ३९ टक्के शुल्क लादलं आणि नोव्हेंबरमध्ये ते १५ टक्क्यांवर आणायचं ठरलं. या धक्क्यानंतर नव्या बाजारांची गरज आणखी वाढली.

शुल्क कमी करण्याच्या बाजूने एक मुद्दा नेहमी मांडला जातो. कर जास्त असला की लोक दुबईत घड्याळ घेतात आणि हातात घालून विमानतळाबाहेर पडतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये दुबईहून परतलेल्या एका नामवंत क्रिकेटपटूची घड्याळं मुंबई विमानतळावर कस्टम्सने ताब्यात घेतल्याची बातमी तुम्हाला आठवत असेल. कर कमी झाला तर असे प्रकार घटतील आणि दुकानात पक्क्या बिलावर विक्री वाढेल, असं या बाजूचं म्हणणं. सरकारने दुसरीकडे नजरही ठेवली आहे. २२ एप्रिल २०२५ पासून १० लाखांपेक्षा महाग मनगटी घड्याळ विकताना दुकानदाराला एक टक्का कर गोळा करून भरावा लागतो. त्या यादीत घड्याळांसोबत यॉटसुद्धा आहे.

बदल्यात भारताला काय मिळालं? या चार देशांनी १५ वर्षांत १०० अब्ज डॉलर गुंतवणूक आणि १० लाख थेट रोजगार आणण्याचं उद्दिष्ट मान्य केलंय. ते पूर्ण झालं नाही, तर काही सवलती तात्पुरत्या मागे घेण्याची तरतूदही आहे.

समुद्र नाही, साग नाही. मग किंमत कुठून येते?

स्वित्झर्लंडमध्ये साग उगवत नाही. लोखंडाची गोन्झेनची खाण होती, ती १९६६ मध्ये बंद झाली. म्हणजे समुद्राची आठवण सांगणारं, सागाचं नाव लावणारं, स्टीलचं घड्याळ बनवणाऱ्या देशाकडे यातलं जवळपास काहीच नाही.

त्यांच्याकडे तीन गोष्टी आहेत.

पहिली, कौशल्य. घड्याळ बनवायला शिकवणाऱ्या शाळा आणि कारखान्यात काम करत शिकण्याची जुनी पद्धत. सत्तरच्या दशकात जपानी क्वार्ट्झ घड्याळांनी या उद्योगाचं कंबरडं मोडलं होतं. १९७० मध्ये जवळपास ९० हजार लोकांना काम देणारा उद्योग ऐंशीच्या दशकाच्या मध्याला ३०-३५ हजारांवर आला. तो सावरला तो कमी संख्येत, जास्त मोलाची घड्याळं विकून.

दुसरी, नाव जपणारा कायदा. 'स्विस मेड' हे दोन शब्द कुणीही डायलवर छापू शकत नाही. २०१७ पासूनच्या नियमानुसार घड्याळाच्या उत्पादन खर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये व्हावा लागतो. यंत्राची जोडणी आणि शेवटची तपासणीही तिथेच करावी लागते. बाहेरून सुटे भाग आणा, पण मोलाचं काम घरात ठेवा, असा हा नियम.

तिसरी, सरकारी मोहोर. मेटाससारखी संस्था सांगते की घड्याळ या कसोटीला उतरलं. गिऱ्हाइकाला विश्वास मिळतो आणि कंपनीला किंमत.

याचा अर्थ पाच लाखांतला प्रत्येक रुपया कारागिरीचा आहे, असा नाही. जाहिरात, ब्रँड, शोरूमचं भाडं आणि नफा यांचा त्यात मोठा वाटा असतो. पण हा पैसा ज्याच्या हाती जातो, त्याच्या हाती नाव आहे. मूळ वस्तू पुरवणाऱ्याच्या वाट्याला त्यातलं फार थोडं येतं.

आता आलापल्लीच्या सागाकडे वळू

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्याचा जवळपास तीन चतुर्थांश भाग वनाखाली आहे. आलापल्ली आणि सिरोंचा भागातला साग सरळ खोडासाठी आणि घट्ट रेषांसाठी ओळखला जातो. आलापल्लीजवळचा जुन्या उंच वृक्षांचा सहा हेक्टरचा पट्टा २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. महाराष्ट्रातलं हे अशा प्रकारचं पहिलं स्थळ.

हा साग बाजारात कोणत्या नावाने ओळखला जातो, माहितीये? 'सीपी टीक'. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, इंग्रजांच्या काळातला मध्य प्रांत. तो प्रांत केव्हाच इतिहासजमा झाला. हा भाग १९५० मध्ये मध्य प्रदेशात होता, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. लाकडाच्या वखारीत मात्र नाव अजून सीपीचंच. आलापल्लीचं नाव गिऱ्हाइकापर्यंत क्वचितच पोहोचतं.

साग कापला की आगारात येतो. लांबी, गोलाई, गाठी, सरळपणा पाहून प्रतवारी होते, थप्प्या लागतात आणि लिलाव होतो. वन विभाग आणि महाराष्ट्र वन विकास महामंडळ ही विक्री करतात. बल्लारशाहचं आगार त्यासाठी प्रसिद्ध आहे. पुढची कामं, म्हणजे कापणी, सुकवणी, नक्षी, फर्निचर, दारं, ही बहुतांश दुसऱ्या शहरांत होतात.

याचं अलीकडचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. अयोध्येतल्या राम मंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून साग रवाना झाला. चंद्रपुरात मोठी शोभायात्रा निघाली. जिल्ह्याला त्याचा अभिमान वाटला आणि तो वाजवीही होता. पण दारं घडवण्याचं काम हैदराबादच्या कंपनीकडे होतं आणि कोरीव काम करणारे हात तमिळनाडूच्या कारागिरांचे होते. लाकूड इथलं, कलाकुसर तिथली.

यात आणखी एक पेच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांना सामूहिक वनहक्क दिले, पण ते गौण वनोपजावर. बांबू, तेंदूपत्ता, मोह, डिंक हे त्यात येतात. सागाचं इमारती लाकूड येत नाही. म्हणजे ज्या गावाने जंगल राखलं, त्या गावाला उभ्या सागाचा मालकीहक्क नाही. आदिवासी खातेदाराच्या स्वतःच्या शेतात साग असला तरी त्याच्या विक्रीसाठी १९६९ चा स्वतंत्र राज्य कायदा आहे. व्यापाऱ्यांनी कवडीमोलाने झाडं घेऊ नयेत, हा त्याचा हेतू. हेतू चांगला असला तरी कागदपत्रांचा रस्ता लांब होतो. दुसरीकडे प्राणहिता आणि गोदावरीच्या पाण्यातून तेलंगणाकडे सागाचे ओंडके तस्करीने जातात आणि वन विभागाच्या कारवाईच्या बातम्या अधूनमधून येत राहतात. चोरट्या मालाची किंमत सगळ्यात कमी तोडणाऱ्याला मिळते, हे सांगायला नको.

आणि लोखंडाचं गणित?

सुरजागडच्या लोहखनिजाचा खाणपट्टा २००७ मध्ये दिला गेला. नक्षलवाद्यांचा विरोध, २०१६ मध्ये वाहनांची मोठी जाळपोळ, स्थानिक ग्रामसभांचा आक्षेप, यांत काम रखडलं. या डोंगरावर ठाकूरदेवाचं स्थान आहे आणि परिसरातल्या माडिया-गोंड गावांची तिथे दरवर्षी यात्रा भरते. २०२१ नंतर उत्खननाने वेग घेतला. २०२३ मध्ये वर्षाला १ कोटी टनांची परवानगी मिळाली, पुढे ती आणखी वाढली.

आता घड्याळाचं लोखंड मोजू. स्टीलचा पट्टा धरून असं घड्याळ शंभर-दीडशे ग्रॅमचं. त्यात वापरतात त्या स्टेनलेस स्टीलमध्ये साधारण दोन तृतीयांश लोखंड, बाकी क्रोमियम, निकेल आणि मॉलिब्डेनम. म्हणजे जास्तीत जास्त शंभर ग्रॅम लोखंड धरा. तेवढ्यासाठी चांगल्या प्रतीचं सुमारे १६० ग्रॅम खनिज लागेल. खनिजाचा दर टनाला ५ हजार रुपये धरला, तर १६० ग्रॅमचे होतात ८० पैसे.

यातलं सरकारला किती? लोहखनिजावर विक्री किमतीच्या १५ टक्के स्वामित्वधन लागतं. टनाला ७५० रुपये. ते राज्याच्या तिजोरीत जातं. जानेवारी २०१५ च्या आधीच्या पट्ट्यांना स्वामित्वधनाच्या ३० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला वेगळी द्यावी लागते. टनाला २२५ रुपये. खाणबाधित गावांच्या पाण्यासाठी, आरोग्यासाठी, शिक्षणासाठी असलेला हक्काचा पैसा तो हाच. एका घड्याळापुरत्या खनिजात तो भरतो साडेतीन पैसे.

उलट बाजूने पाहा. वरच्या उदाहरणात एका घड्याळामागे शुल्क आणि अधिभाराचे ८८ हजार रुपये माफ होणार आहेत. प्रतिष्ठानात तेवढेच पैसे जमायला सुमारे ३९० टन खनिज डोंगरातून काढावं लागेल. पंचवीस टनांचा ट्रक धरला तर सोळा ट्रक.

या तुलनेचा विपर्यास नको. ते ८८ हजार गडचिरोलीला मिळणारच होते आणि ते हिरावले, असं अजिबात नाही. कस्टम्सचा पैसा केंद्राकडे जातो, खनिज प्रतिष्ठानचा जिल्ह्यात राहतो. आणि खनिजाचं प्रमाण प्रचंड असल्याने एकूण रक्कम मोठी होते: वर्षाला १ कोटी टन निघालं, तर याच दराने २२५ कोटी रुपये. मुद्दा प्रमाणाचा आहे. एका मनगटावरच्या चैनीच्या वस्तूवरची सवलत आणि सोळा ट्रक डोंगर यांचं वजन सरकारी हिशोबात सारखं भरतं. एटापल्ली-आलापल्ली-आष्टी रस्त्याची धूळ खाणाऱ्या माणसाला हे आकडे माहीत असायला हवेत.

चित्र बदलतंय, हेही नोंदवायला हवं. चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरी इथे जुलै २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या हस्ते पेलेट प्रकल्पाचं उद्घाटन आणि वर्षाला ४५ लाख टन क्षमतेच्या पोलाद प्रकल्पाचं भूमिपूजन झालं. हेडरीहून कोनसरीला खनिजाचा गाळ वाहून नेणारी पाइपलाइनही सुरू झाली, जेणेकरून रस्त्यावरचे ट्रक कमी व्हावेत. खनिजापेक्षा पेलेटला जास्त मोल, पेलेटपेक्षा पोलादाला जास्त. पण पोलादानंतरही बऱ्याच पायऱ्या उरतात: मिश्रधातूचं स्टील, सुटे भाग, यंत्रं. खरा पैसा आणि टिकाऊ नोकऱ्या वरच्या पायऱ्यांवर असतात. जिल्ह्यातल्या मुलांनी चौकीदार आणि चालक व्हायचं की मेटलर्जिस्ट आणि मशिनिस्ट, हे तिथेच ठरतं.

हे इथे कधी जमलंय का?

जमलंय. तेही बांबूत.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळालेल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. पण हक्काचा कागद हातात असूनही बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना वन विभागाच्या हातात. देवाजी तोफा आणि ग्रामसभेने तो मुद्दा लावून धरला. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.

बांबू तोच होता. त्याआधी या भागातला बांबू वर्षानुवर्षं कागद कारखान्याकडे अत्यंत कमी दरात जात होता. परवाना गावाकडे आल्यावर ग्रामसभेने स्वतः निविदा काढल्या, दर ठरवला, मजुरी वाढवली आणि उरलेला पैसा गावासाठी वापरला. पुढे जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभांनी बांबू आणि तेंदूपत्त्याची विक्री स्वतःच्या हाती घेतली. सगळीकडे सुरळीत झालं असं नाही. ठेकेदारांकडे पैसे अडकणं, हिशोबाचे वाद हेही झाले. पण वस्तू न बदलता किंमत बदलू शकते आणि त्यासाठी हक्क व परवाना कोणाकडे आहे हे पाहावं लागतं, हे मेंढ्याने दाखवून दिलं.

'स्विस मेड'चा नियम आणि मेंढ्याचं परवाना पुस्तक यांत तसं पाहिलं तर एकच तत्त्व आहे. मोलाची पायरी आपल्या हातात ठेवा.

मग आता विचारायचं काय?

गडचिरोलीत घड्याळाचा कारखाना काढा, अशी मागणी कुणी करणार नाही. पण काही ठोस प्रश्न विचारता येतात.

एक, नाव. केरळमधल्या निलांबूरच्या सागाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आलापल्ली-सिरोंचाच्या सागाची ओळख 'सीपी' या मेलेल्या प्रांताच्या नावावर किती दिवस चालवायची? आगारातून निघणाऱ्या ओंडक्यावर हातोड्याची खूण असतेच. तीच ओळख दारापर्यंत, फर्निचरपर्यंत, शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत नेता येईल का?

दोन, हात. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बांबूसाठी जे केलं, ते सागाच्या कोरीव कामासाठी आणि जोडकामासाठी करता येईल का? पुढच्या मोठ्या वास्तूला साग इथून गेला, तर तयार दारं इथूनच जावीत.

तीन, प्रशिक्षण. 'एफ्टा' करारातल्या १०० अब्ज डॉलरच्या उद्दिष्टात जिल्ह्यांची यादी नाही. जो राज्य किंवा जिल्हा मागेल, तयारी दाखवेल, त्याच्याकडे गुंतवणूक जाण्याची शक्यता जास्त. स्वित्झर्लंडची खरी ताकद सूक्ष्म यंत्रकामात आणि काम करत शिकवण्याच्या पद्धतीत आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या आयटीआयमध्ये ती पद्धत यावी, यासाठी राज्याने कुणाशी बोलणी केली, हे लोकप्रतिनिधींना विचारायला हवं.

चार, हिशोब. खनिज प्रतिष्ठानात दरवर्षी किती जमले, कोणत्या गावात कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवलं जातं का? टनाला सव्वादोनशे रुपये ही रक्कम त्या गावांच्या डोंगराच्या बदल्यात येते.

घड्याळ ज्याला घ्यायचं तो घेईल. आवड आहे, पैसे आहेत, बिल पक्कं आहे, तर त्यात वावगं काही नाही. पण पुढच्या वेळी रीलमध्ये तो डायल दिसला आणि कुणी 'टीक पॅटर्न' म्हटलं, तर आलापल्ली आठवू द्या. तिथला माणूस साग राखतो आणि त्याच्या शेजारच्या डोंगरातून लोखंड जातं. त्याच्या वाट्याला किती येतं, हे विचारण्याचा हक्क त्याच्याइतकाच आपल्यालाही आहे.